आण्णांचा पाला आणि आण्णांची गोळी

पत्र

नमस्कार डॉक्टर,

आम्ही शिवाजी पेठेत राहतो. माझ्या वडिलांना, आण्णांना, नऊ वर्षांपासून शुगर आहे. वय ६४. सकाळ-संध्याकाळ एक गोळी असते, तिच्यात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड असं दोन्ही आहे. दिवाळीत आत्यानं विजयसारचा लाकडी ग्लास आणून दिला आणि तेव्हापासून त्यांचा सगळा भरवसा झाडपाल्यावर. पहाटे उठलं की गोळी, ग्लासातलं पाणी आणि बेडकीच्या पाल्याची पूड. मग रंकाळा तलावावर फिरणं, तिथं कारलं-दुधीचा रस. नाश्ता साडेनऊला. गच्चीत इन्शुलिनचं झाड लावलंय, जाता-येता त्याची पानं खातात. शेजारच्या काकूंनी सदाफुलीची पानं सांगितलीत, तीही सुरू करणार म्हणतात. संध्याकाळची गोळी अडीच महिने बंद आहे. "इंग्लिश गोळ्यांनी किडनी जाते" हे एकच पालुपद. फिरून आल्यावर मशीनवर ११०-११५ येते, ते आम्हाला दाखवतात. पण परवा लॅबमध्ये उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २७१ आणि एचबीएवनसी ९.१ आली. सहा महिन्यांपूर्वी ती ७.४ होती. गेल्या आठवड्यात रंकाळ्यावर त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले. कुणीतरी बाकावर बसवून गोड चहा पाजला. पायांची आगही होते. पाल्याचं डॉक्टरांना सांगायचं नाही अशी आम्हाला तंबी आहे. मामाच्या गुऱ्हाळातला गूळ घरात असतो, चहा त्याचाच. झाडपाल्यात खरंच काही असतं का, की सगळं थोतांड? गोळी सोडून चालेल का?

- एक लेक, कोल्हापूर

उत्तर

ताई,

तुमच्या प्रश्नाआधी रंकाळ्यावरच्या त्या घामाबद्दल बोलतो, कारण पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच आहे. त्या वेळी मशीन जवळ नव्हतं, त्यामुळं आकडा कळला नाही. पण दरदरून घाम, हाताची थरथर आणि गोड चहानं आलेली हुशारी ही लक्षणं साखर खाली गेल्याची आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ती गोळी नाश्त्याच्या वेळी घ्यायची असते. आण्णा ती पहाटे घेतात, वर बेडकीची पूड, वर कारल्याचा रस, मग तासभर चालणं आणि नाश्ता साडेनऊला. साखर खाली आणणाऱ्या चार गोष्टी एकावर एक, आणि पोटात काही नाही.

मशीनवरचे ११०-११५ त्यातूनच येतात. दिवसभरातली सगळ्यात खालची साखर ते मोजतात आणि तिलाच आपली साखर समजतात. एचबीएवनसी मागच्या तीनेक महिन्यांचा हिशेब देते. ९.१ म्हणजे सरासरी साखर साधारण २१५. संध्याकाळची गोळी बंद, त्यामुळं रात्रभर आणि दुपारी साखर चढलेली. सकाळी मात्र धोका वाटावा इतकी उतरलेली. आण्णा खोटं बोलत नाहीत, पण ते चुकीच्या वेळी मोजतात. सकाळी उपाशीपोटी, कोणत्याही जेवणानंतर दोन तासांनी, आणि बरं वाटत नसेल तेव्हा, असं मोजायला लावा.

पुन्हा तसा घाम आला तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्या. मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडर असेल तर आणखी बरं. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळं साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी मोजा. ७० च्या खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा. सावरले की पोळी-भाजी, दूध-बिस्कीट, काहीतरी पोटात जाऊ द्या, कारण या गोळीमुळं साखर पुन्हा घसरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि उद्यापासून आण्णांच्या खिशात साखरेची पुडी असू द्या.

आता थोतांडाबद्दल. नाही ताई, सगळं थोतांड नाही, आणि म्हणूनच मला काळजी वाटते. ज्या पाल्यात काहीच गुण नाही तो खाल्ला तर बिघडतही काही नाही. आण्णा जे घेतायत त्यातल्या दोन-तीन वनस्पतींमध्ये साखर कमी करण्याचा गुण आहे. तो गुण गोळीच्या गुणात मिसळतो, आणि हे डॉक्टरांना ठाऊकच नाही. डॉक्टर बिचारे कागदावरची गोळी बघून मात्रा ठरवणार.

विजयसारपासून सुरू करू, कारण आण्णांचा विश्वास तिथूनच सुरू झाला. हा आपल्या सह्याद्रीतला बिबळा. रात्री ग्लासात पाणी ठेवलं की सकाळी ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं आणि उन्हात धरलं तर कडेला निळसर झाक दिसते. ते बघून कुणालाही वाटावं की यात औषध उतरलंय. लाकडातली काही द्रव्यं उतरतातही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं विजयसारवर अभ्यास केला होता, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. ९७ रुग्णांना बारा आठवडे औषध दिलं, त्यातल्या ६७ जणांची साखर आटोक्यात आली. हा आकडा ग्लास विकणारे मोठ्या अक्षरांत सांगतात. पण त्या रुग्णांचा मधुमेह नुकताच निघालेला होता, आधीचे उपचार नव्हते. त्यांना रोज दोन ते चार ग्रॅम अर्क मोजून दिला होता, ग्लासातलं पाणी दिलं नव्हतं. आणि तुलनेसाठी विजयसार न घेणारा दुसरा गट नव्हता, त्यामुळं किती फरक औषधाचा आणि किती पथ्याचा हे त्यातून वेगळं निघत नाही. आण्णांचा मधुमेह नऊ वर्षांचा आहे. ग्लासातून रोज किती उतरतं याला तर काही मापच नाही. महिन्या-दोन महिन्यांत पाण्याचा रंग फिका होत जातो, ते तुम्हीही बघितलं असेल. आत्यांनी मायेनं आणलेला ग्लास फेकू नका. पण त्याच्या जिवावर गोळी सोडण्याइतकं बळ त्या पाण्यात आहे, असं कुणी दाखवून दिलेलं नाही.

बेडकीचा पाला, म्हणजे मधुनाशिनी, ही मात्र जोरकस वनस्पती. घरी करून बघा: ताजं पान नीट चावून थुंका आणि जिभेवर साखर ठेवा. वाळूचे कण ठेवल्यासारखं लागतं, गोडवा म्हणून काही नाही. तिच्यातली द्रव्यं जिभेवरची गोडीची जाणीव थोडा वेळ अडवून धरतात. गोड खाण्याची ओढ कमी व्हायला याचा उपयोग होऊ शकतो. रक्तातल्या साखरेवरही तिचा परिणाम दिसलाय. मद्रासमध्ये २२ रुग्णांना, त्यांच्या नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून, रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दीडेक वर्ष दिला होता; तो अभ्यास १९९० चा. त्यातल्या बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी करता आल्या, पाच जणांच्या तर बंद झाल्या. अभ्यास छोटा आहे, त्यावर सगळं रचता येत नाही. पण गोळ्या कमी केल्या त्या डॉक्टरांनी, साखर तपासत तपासत. आण्णांनी पूड सुरू केली आणि संध्याकाळची गोळी आपल्या मनानं सोडली. या पुडीचं डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती आता घ्यायची नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा.

कारल्यातही साखर उतरवणारी द्रव्यं आहेत. तरी २०१२ मध्ये तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा औषध म्हणून शिफारस करण्याइतका पुरावा निघाला नाही. भाजी खुशाल करा. कारल्याची भाजी, मेथीची भाजी, घेवडा हे आण्णांच्या ताटात असायलाच हवं. माझा आक्षेप त्या रसाला आहे, आणि कारल्यापेक्षा त्यातल्या दुधीला. एखादा दुधी कडू निघतो. ते कडू द्रव्य विषारी असतं. पोटात मळमळ, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं इथवर मजल जाते आणि आपल्या देशात त्यानं माणसं दगावली आहेत. घरी दुधी चिरताना आपण फोड चाखतो आणि कडू लागली तर टाकून देतो. कारल्याच्या रसात मिसळला की तो कडूपणा कळायचा कसा? आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीनंही हेच बजावलंय की दुधीचा रस कडू लागला तर पिऊ नका आणि दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. रंकाळ्यावरचा तो पेला आजपासून बंद.

गच्चीतलं इन्शुलिनचं झाड राहू दे, दिसायला छान आहे. त्याच्या पानांत इन्शुलिन नसतं. असतं तरी पोटात पचून गेलं असतं. इन्शुलिन हे प्रथिन आहे, म्हणून तर ते टोचून घ्यावं लागतं.

सदाफुलीवर जरा थांबतो, कारण ती अजून सुरू झालेली नाही आणि होऊ द्यायची नाही. कोल्हापुरात ही पानं चावणारी माणसं मला नेहमी भेटतात. पांढरी सदाफुली चांगली, गुलाबी नको, असे बारकावेही सांगतात. वेस्ट इंडीजमधल्या जमैकातही लोक मधुमेहावर सदाफुलीचा काढा घेत. ते ऐकून कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात उंदरांवर तिचा अर्क वापरून बघितला. साखर काही उतरली नाही. अर्क टोचलेले उंदीर मात्र जंतुसंसर्गानं मरायला लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. त्यातून विनब्लास्टिन सापडलं आणि पुढं विनक्रिस्टिन, ही दोन्ही कॅन्सरची औषधं. रक्ताच्या कॅन्सरच्या किती तरी मुलांचे जीव या झाडानं वाचवलेत. पण ती कॅन्सरची औषधं आहेत, ताई. डॉक्टर ती शिरेतून, मिलिग्रॅमच्या हिशेबानं देतात आणि दर वेळी रक्त तपासतात. त्या झाडाची मूठभर पानं चहाच्या आधी चावायची? शेजारच्या काकूंनाही ही गोष्ट सांगा.

बाकीचं थोडक्यात. जांभळाच्या बियांचं चूर्ण आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या घेतात, त्यावर भक्कम चाचण्या कमी आहेत. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची काटेकोर चाचणी झाली, तेव्हा साखरेत फरक दिसला नाही. गुळवेल कोरोनाच्या काळात घरोघरी पोचली आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्यामुळं यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, वाद झाला. यकृताचा त्रास असणाऱ्यांनी आपल्या मनानं ती घेऊ नये, एवढं मात्र मी नक्की सांगेन.

एकच काहीतरी घ्यायचं म्हणालात, तर मी मेथी सांगेन. मेथीदाण्यात विरघळणारा चोथा भरपूर असतो. तो आतड्यात बुळबुळीत होतो आणि जेवणातली साखर सावकाश रक्तात जाऊ देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं यावर बरंच काम केलंय. पण तिथल्या अभ्यासांत दिवसाला २५ ग्रॅम, कधी तर १०० ग्रॅमपर्यंत मेथी दिली होती. २५ ग्रॅम म्हणजे अडीचेक मोठे चमचे. रात्री भिजवलेले चार दाणे सकाळी गिळून त्यातलं फार काही मिळत नाही. एकदम वाढवलं तर पोट फुगतं, म्हणून एका छोट्या चमच्यापासून सुरुवात करा. भाकरीच्या पिठात, आमटीत घाला. गोळी आणि मेथी यांत तास-दोन तासांचं अंतर असू द्या, नाहीतर तो चोथा औषधही अडवतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पुडीबद्दल आणखी एक. सुट्या चूर्णाची पुडी कुठून येते, ते बघा. बिनलेबलच्या 'शुगरच्या चूर्णात' इंग्लिश गोळीच कुटून घातलेली सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत, आपल्याकडंही. गुण झटपट येतो तो त्याच गोळीचा. काही औषधांत शिसं आणि पारा निघालाय, आणि त्यानंही किडनी जाऊ शकते. काष्ठौषधी, म्हणजे सुका झाडपाला, घ्यायची तर ओळखीच्या दुकानातून अख्खी घ्या, तयार औषध घ्यायचं तर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर बघा. आणि 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात दिसली की समजा, हा माणूस कायदा मोडतोय. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात अशा जाहिरातींना बंदी असलेल्या रोगांच्या यादीत मधुमेह आहे.

गुळाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. मामाच्या गुऱ्हाळातला गूळ कितीही चांगला असला, त्यात एक कणही भेसळ नसली, तरी तो बहुतांश साखरच आहे आणि रक्तात साखरेसारखाच चढतो. आपल्या भागात गुळाला 'थंड' आणि 'नैसर्गिक' म्हणून सूट मिळते. दिवसात तीन-चार वेळा गुळाचा चहा होत असेल, तर ९.१ मध्ये त्याचाही वाटा आहे. काकवीचंही तेच. मामांना सांगा, ढेप पाठवा, पण आण्णांच्या कपात नको.

आता किडनीची भीती, कारण सगळं तिथं अडलंय. मेटफॉर्मिननं किडनी खराब होत नाही. किडनी आधीच कमजोर झाली असेल तर ती गोळी कमी करावी किंवा थांबवावी लागते, म्हणून डॉक्टर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) बघतात, आणि लोकांच्या डोक्यात त्याचं उलटं बसतं. किडनी जाते ती वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेनं आणि रक्तदाबानं. आण्णांना आणखी एक सांगा, त्यांना ते पटेल. मेटफॉर्मिनचं मूळही झाडात आहे. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती होते, आपल्या मेथीच्या कुळातली. जुने लोक मधुमेहासारख्या लक्षणांवर ती देत. तिच्यात साखर उतरवणारं द्रव्य सापडलं, पण ते विषारी होतं. मेंढ्या ते झुडूप खाऊन मरायच्या. पुढं त्याच घराण्यातली सौम्य रसायनं तयार झाली आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या झाँ स्टर्न या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन मधुमेहावर वापरून दाखवलं. हल्ली लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ज्या गोळ्या निघाल्यात, त्यांची वाट सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडलेल्या द्रव्यापासून निघाली. म्हणजे झाडाचं औषध आण्णा नऊ वर्षं घेतच आलेत, विष काढलेलं आणि मात्रा ठरलेलं.

त्यांच्याशी वाद घालू नका. "तुमचा पाला खोटा" म्हणालात तर ते लपून खातील, आणि लपून खाणं सगळ्यात वाईट. "आण्णा, हे औषध आहे ना, मग औषधासारखं वागवूया. किती घेतलं ते वहीत लिहू, डॉक्टरांना दाखवू," असं म्हणा. त्यांच्या फिरण्याचं मनापासून कौतुक करा. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांनीही प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या आजाराच्या, रोग्याला शंभर योजनं चालायला आणि विहीर खणायला सांगितलंय, जेवणात जव दिलेत. फक्त पाल्याची पूड खाऊन बस, असं कुठल्याच वैद्यानं सांगितलं नव्हतं. चांगला बीएएमएस वैद्य ओळखीचा असेल तर त्यांनाही जरूर भेटा. वैद्यांना गोळ्यांची आणि डॉक्टरांना चूर्णाची माहिती हवी, एवढीच अट.

या आठवड्यात डॉक्टरांकडं जाताना आण्णांना बरोबर घ्या. पिशवीत सगळं भरा: गोळ्यांची पाकिटं, बेडकीच्या पुडीची डबी, इन्शुलिनच्या झाडाचं एक पान, लॅबचे दोन्ही रिपोर्ट. घाम आल्याचा प्रसंग आणि सकाळचं वेळापत्रक पहिल्यांदा सांगा. ग्लिमेपिराइडची मात्रा आणि वेळ बदलायची का, संध्याकाळची गोळी कशी सुरू करायची, हे ते ठरवतील. तोवर पूड, रस आणि पानं बंद, सकाळची गोळी नाश्त्याबरोबर, आणि फिरायला जायचं ते नाश्ता करून. संध्याकाळच्या गोळीबद्दल भेटीची वाट बघू नका, आजच फोन करून विचारा.

पायांची आग विसरू नका. ती चढलेल्या साखरेनं नसा दुखावल्याची असू शकते. पण मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं आणि त्यानंही तळपाय जळजळतात, मुंग्या येतात. ही कमतरता साध्या रक्त तपासणीत कळते आणि भरूनही काढता येते. क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि बी-१२ या तिन्ही तपासण्या एकदमच करून घ्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी नऊ वर्षांत झाली नसेल तर तीही. खर्चाची अडचण असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात चौकशी करा. आणि आण्णा रंकाळ्यावर चपला काढून गवतात चालत असतील, तर ते आधी थांबवा. नसा दुखावलेल्या पायाला काटा टोचलेला कळेलच असं नाही. रोज रात्री झोपण्याआधी त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या दिव्याखाली तुम्ही स्वतः बघा.